शनिवारचा ख्रिस्तशास्त्र वर्ग: ५०० रुपयांत काय मिळतं

आधी व्यवहाराचं बोलते. फी ५०० रुपये. त्यात झेरॉक्स केलेली पुस्तिका आणि मधल्या सुट्टीतला चहा. दर शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ, पुणे कॅम्पातल्या एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. चर्चचं नाव इथे देत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि तिथली निम्मी मंडळी माझ्या ओळखीची आहेत. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी कॅम्पातल्या एखाद्या पाळकांना विचारावं, ते सांगतील.

विषय एकच. मशीहा (ग्रीकमध्ये ‘ख्रिस्त’), म्हणजे येशू, हा देव आहे असं पवित्र शास्त्र कुठे म्हणतं आणि कसं म्हणतं. शिकवणारे सर सेमिनरीतून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेतून, निवृत्त झालेले. ग्रीक-हिब्रू येतं पण मिरवत नाहीत. हातात बायबल, मागे पांढरा फळा आणि एक मार्कर, जो दर अर्ध्या तासाने सुकतो. स्लाइडशो नाही याबद्दल देवाचे आभार.

मी गेले ती भाच्यामुळे. हिंजवडीत नोकरी करतो, रविवारी उपासनेला आईच्या धाकाने येतो. नाताळच्या जेवणावर त्याने मला विचारलं, "मावशी, येशू स्वतः ‘मी देव आहे’ असं कुठे म्हणाला, ते एक वचन दाखव. एकच." टेबलावरच्या सगळ्यांना तो उद्धटपणा वाटला. मला वाटला नाही. मी जन्मभर विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर बसलेली बाई. कागद बघितल्याशिवाय मीही कुणाचं ऐकलेलं नाही.

वर्गाची पहिली संध्याकाळ नेमकी याच प्रश्नाने सुरू झाली. सरांनी फळ्यावर लिहिलं, "मी देव आहे, माझी उपासना करा", आणि विचारलं, हे वाक्य येशूच्या तोंडी कुठे आहे? पुढच्या रांगेतून योहान १०:३० आलं, "मी आणि पिता एक आहोत". मागून कुणी योहान १४:९ सांगितलं, "ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं". सर म्हणाले, वचनं बरोबर आहेत, पण मी विचारलेलं वाक्य हे नाही. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत ते वाक्य नाही. हॉलमध्ये जरा चुळबुळ झाली. एक बाई तर पर्स उचलून निघायच्या बेतात होत्या. मला मात्र तिथेच पैसे वसूल होणार असं वाटायला लागलं. आपली बाजू कुठे पातळ आहे हे जो आधी सांगतो, त्याचा पुढचा कागद मी नीट वाचते.

मग त्यांनी दुसरा धक्का दिला. मशीहा म्हणजे देव, हे समीकरण जुन्या करारात मुळात नाहीच. मशीहा म्हणजे तेलाने अभिषेक झालेला. शौल अभिषिक्त, दावीद अभिषिक्त, याजकही अभिषिक्त. यशया ४५:१ मध्ये तर पर्शियाचा राजा कोरेश याला परमेश्वर ‘माझा अभिषिक्त’ म्हणतो. परका, मूर्तिपूजकांचा राजा, आणि त्याच अध्यायात त्याला म्हटलंय की तू मला ओळखत नव्हतास. म्हणजे येशू मशीहा आहे एवढं सिद्ध केलं की तो देव आहे हे आपोआप सिद्ध झालं, असं कुणी समजत असेल तर त्याने कोरेशाचं काय करायचं ते आधी ठरवावं.

इथे मला माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची आठवण झाली. ती बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या यहुदी समाजातली, रास्ता पेठेतल्या सिनेगॉगला जाणारी. तिचं म्हणणं ठाम असायचं, मशीहा येईल तो दाविदाच्या वंशातला माणूस, चांगला राजा, पण माणूस. आणि यशया ९:६ मधलं ‘समर्थ देव, सनातन पिता’ वगैरे? ती म्हणायची, तो यशयाच्या काळचा हिज्कीया राजा, आणि ती नावं देवाचा गौरव करणारी आहेत. सरांनी हे वाचन नीट, कसलीही थट्टा न करता मांडलं. यहुद्यांना हे दिसत कसं नाही, असला सूर आमच्या चर्चमध्ये फार ऐकलाय. इथे तो नव्हता. यशया ९ ला त्यांनी पुराव्यात धरलं, पण पहिल्या नंबरवर नाही. मला हे योग्य वाटलं.

मग पहिल्या नंबरवर काय? या वर्गाचा सगळा गाभा इथे आहे. सरांची पद्धत अशी की नव्या करारातलं ठळक वाक्य शोधायचंच नाही. नव्या कराराचा लेखक जुन्या करारातलं परमेश्वराबद्दलचं कुठलं वचन उचलतो आणि ते कोणाला लावतो, ते बघायचं. त्यासाठी बायबल सतत मागे-पुढे उलटावं लागतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या आजोबांनी त्यासाठी घरून लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या. मलाही चार दिल्या.

मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात. पहिल्याच अध्यायात, प्रभूचा मार्ग तयार करा. मागे जा, यशया ४०:३. तिथे तो मार्ग परमेश्वराचा आहे. मार्कात त्या मार्गावरून चालत कोण येतं? नासरेथचा येशू. दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणूस, छप्पर उसवून खाली सोडलेला. येशू म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली. शास्त्री मनात म्हणतात, एकट्या देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? सर म्हणाले, शास्त्र्यांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि मार्क तो खोडत नाही. चौथ्या अध्यायात येशू वादळ शांत करतो. हे आपण रविवारच्या शाळेत चित्रं रंगवून शिकलोय. पण स्तोत्र १०७ समोर ठेवून ते मी कधी वाचलं नव्हतं. २३ व्या वचनापासून वाचा. जहाजातून समुद्रावर जाणारे लोक, लाटा, झिंगल्यासारखे झोकांड्या खाणारे खलाशी, संकटात परमेश्वराला मारलेली हाक, आणि मग तो वादळ शांत करतो, लाटा निवतात. एकेक पायरी मार्काच्या गोष्टीत आहे. फक्त ज्याला हाक मारायची तो इथे नावेच्या मागच्या भागात उशीवर झोपलाय. शिष्य शेवटी विचारतात, हा आहे तरी कोण? मार्क उत्तर लिहीत नाही. ज्याला स्तोत्र पाठ आहे त्याला लागत नाही.

भाच्याच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा मार्क १४ मध्ये निघाली. मुख्य याजक सरळ विचारतो, तू ख्रिस्त आहेस काय, धन्यवादित देवाचा पुत्र? येशू म्हणतो, मी आहे, आणि पुढे जोडतो की तुम्ही मनुष्याच्या पुत्राला सर्वसमर्थाच्या उजवीकडे बसलेला आणि आकाशातल्या मेघांसह येताना पाहाल. मुख्य याजक कपडे फाडतो. दुर्भाषण, म्हणजे देवाची निंदा! आता गंमत बघा. नुसतं मशीहा म्हणवणं हे दुर्भाषण नव्हे. पुढे इ.स. १३२ ते १३५ च्या रोमविरुद्धच्या यहुदी बंडात त्याचा पुढारी बार कोखबा याला मशीहा म्हटलं गेलं. यहुदी परंपरा सांगते की त्या काळचा मोठा धर्मगुरू रब्बी अकिवा यानेच तसं म्हटलं, आणि अकिवावर दुर्भाषणाचा ठपका कुणी ठेवला नाही. मग इथे कपडे का फाटले? कारण येशूने दोन वचनं एकत्र बांधली. स्तोत्र ११०:१, देवाच्या उजवीकडची जागा, आणि दानीएल ७:१३-१४, मेघांसह येणारा, ज्याची सगळी राष्ट्रं सेवा करतात आणि ज्याचं राज्य संपत नाही. समोरच्यांना ते बरोबर कळलं. त्याच्या मनात काय होतं याचा पुरावा मागायचा असेल तर त्याच्या विरोधकांची साक्ष काढा, असं सर म्हणाले. क्लेमच्या टेबलावर आम्ही हेच करायचो.

आता पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा शनिवार. याच एका संध्याकाळसाठी मी ५०० काय, हजारही दिले असते. सरांनी सांगितलं, एक बोट फिलिप्पै २ मध्ये ठेवा आणि एक यशया ४५ मध्ये. पुस्तिकेत यशया ५४:२३ छापलंय. ५४ व्या अध्यायात १७ च वचनं आहेत, त्यामुळे दहा मिनिटं सगळा हॉल नसलेलं वचन शोधत होता. यशया ४५ हा अध्याय एकेश्वरवादाचा कळस. मीच देव, दुसरा कोणी नाही, हे पुन्हा पुन्हा येतं. आणि २३ व्या वचनात परमेश्वर स्वतःचीच शपथ वाहून म्हणतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल, प्रत्येक जीभ माझी शपथ वाहील. हे झालं एक बोट. आता दुसरं. पौल लिहितो की प्रत्येक गुडघा येशूच्या नावाने टेकावा आणि प्रत्येक जिभेने येशू ख्रिस्त प्रभू आहे असं कबूल करावं. तेच गुडघे, त्याच जिभा. आणि लिहिणारा कोण? परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथात वाढलेला यहुदी, ज्याला यशया तोंडपाठ. चुकून झालं म्हणायची सोय नाही. वर ‘देवपित्याच्या गौरवासाठी’ हे शब्द त्याने जोडलेत, म्हणजे पित्याला बाजूला सारलेलं नाही.

मी हात वर करून म्हटलं, सर, हे एकाच्याच नावावरच्या खात्यात जुनं नाव न काढता दुसरं नाव घातल्यासारखं झालं. सर हसले. म्हणाले, ताई, उपमा चांगली आहे, पण इथेच थांबवा, आणखी एक पाऊल पुढे नेलीत तर पाखंड होईल.

तारखांचा मुद्दाही त्याच दिवशी निघाला. वधस्तंभाची घटना इ.स. ३० च्या आसपासची. हे पत्र तिथून तीसेक वर्षांच्या आतबाहेरचं. आणि २:६ ते ११ हा तुकडा पौलाच्याही आधी मंडळीत गायला जाणारं गीत असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. म्हणजे येशूला देवपण पिढ्या उलटल्यावर हळूहळू चिकटवलं गेलं, हे म्हणणं या एका परिच्छेदाशी अडखळतं. जोडीला १ करिंथ ८:६ दिलं. यहुदी माणूस सकाळ-संध्याकाळ म्हणतो त्या अनुवाद ६:४ मधल्या ‘परमेश्वर एकच’ यातल्या ‘एक’च्या आत पौल ‘एक देव, पिता’ आणि ‘एक प्रभू, येशू ख्रिस्त’ असे दोघे बसवतो. आणि रोम १०:१३. योएल म्हणतो परमेश्वराचा धावा करणारा तरेल. पौल तेच वचन येशूसाठी वापरतो. त्या रात्री घरी जाऊन मी इब्री लोकांस पत्राचा पहिला अध्याय स्तोत्र १०२ शी स्वतः ताडून पाहिला. पद्धत हातात आली की पुढचं आपलं आपण सापडतं.

योहानाचं शुभवर्तमान एका संध्याकाळीत उरकलं. ठीक आहे. "शब्द देव होता" आणि थोमाचं "माझा प्रभू व माझा देव" कोणाला माहीत नाही? आपल्याकडे तर थोमा घरचाच, तो भारतात आला असं परंपरा सांगते. एक गोष्ट मात्र नवी कळली. योहान १२:४१ म्हणतं की यशयाने त्याचं, म्हणजे येशूचं, गौरव पाहिलं. कधी पाहिलं? यशया ६, परमेश्वर सिंहासनावर दिसला, मंदिर धुराने भरलं होतं आणि सराफीम हे स्वर्गीय सेवक पवित्र, पवित्र म्हणत होते तेव्हा.

आणखी एका शनिवारबद्दल लिहायला हवं, कारण त्यावर बाहेर पार्किंगमध्ये वाद झाले. सरांनी ‘वापरू नयेत’ अशा वचनांची यादी दिली. १ योहान ५:७ मधलं, स्वर्गात साक्ष देणारे तिघे, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा. इंग्रजी किंग जेम्स आवृत्तीत हे आहे, पण जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. ग्रीक नवा करार छापून काढणाऱ्या इरॅस्मसने १५१६ आणि १५१९ च्या छापील आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, १५२२ मध्ये घेतलं. रोम ९:५ सुद्धा जपून, कारण वाक्य कुठे तोडायचं यावर अर्थ फिरतो आणि मूळ हस्तलिखितांत विरामचिन्हांचा भरवसा नाही. एक काका फार चिडले. म्हणाले, आमच्या वडिलांनी याच वचनावर प्रवचनं केली. सर शांतपणे म्हणाले, त्यांचा विश्वास खरा होता, पुरावा कच्चा होता. मला हे पटलं. खोटी पावती जोडली की खरा क्लेमही नामंजूर होतो, हे मी किती वेळा पाहिलंय.

तक्रारींकडे येते. सगळ्यात मोठी तक्रार अशी की उलट बाजूच्या वचनांना जेमतेम अर्धा तास मिळाला. "त्या दिवसाविषयी पुत्रालाही ठाऊक नाही", मार्क १३:३२. "मला उत्तम का म्हणतोस?", मार्क १०:१८. "पिता माझ्यापेक्षा थोर आहे", योहान १४:२८. नीतिसूत्रे ८:२२, ज्याच्यावर पुत्र उत्पन्न केलेला आहे म्हणणाऱ्या चौथ्या शतकातल्या आरियसाच्या बाजूने मोठी भिस्त ठेवली होती. दारावर येशूला सर्वसमर्थ देव न मानणारे यहोवाचे साक्षीदार येतात तेव्हा हीच पानं उघडतात. भाचाही हीच उघडणार. सरांचं उत्तर फिलिप्पै २ वरच उभं होतं. जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, त्यामुळे माणूस म्हणून तो भुकेला होतो, थकतो, काही गोष्टी जाणत नाही. योहान १४ ला हे चपखल बसतं. मार्क १३:३२ ला बसतं का? मला अर्धंच पटलं, आणि ते तिथे विचारलंही, पण तेवढ्यात आठ वाजले आणि वॉचमन किल्ल्या वाजवत उभा राहिला. या वचनांना एक अख्खा शनिवार द्यायला हवा होता, तोही शेवटी नको, मध्यावर.

दुसरी तक्रार निकीयाच्या, म्हणजे इ.स. ३२५ च्या ख्रिस्ती बिशपांच्या परिषदेवरच्या, व्याख्यानाची. २०२५ मध्ये त्या परिषदेला १७०० वर्षं झाली म्हणून बाहेरून एक तरुण पाहुणे बोलावले होते. प्रोजेक्टर आणला. पाऊण तास सम्राट कॉन्स्टंटाइनच्या लढाया आणि नकाशे. आरियस आला तेव्हा लोक घड्याळं बघत होते. खरं तर सांगण्यासारखं खूप होतं. येशू देव की साधा माणूस, यावर निकीयाला मतदान झालं असा समज हल्ली फार पसरलाय. तिथला वाद वेगळाच होता. आरियसही पुत्राला सगळ्या सृष्टीच्या वरच ठेवत होता. त्याचं म्हणणं एवढंच की पुत्र उत्पन्न केलेला आहे आणि तो नव्हता अशी वेळ होती. परिषदेने ते नाकारलं आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीत, घातलं. आपण प्रभुभोजनाच्या रविवारी म्हणतो तो निकीयाचा मतांगीकार पुढे ३८१ च्या कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेशी जोडलेल्या रूपातला.

शेवटी सरांनी उठून दहा मिनिटांत सावरून घेतलं. दोन गोष्टी सांगितल्या. बिथुनियाचा रोमी सुभेदार प्लिनी इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट त्राजानाला कळवतो की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. आणि मगिद्दोची फरशी. इस्राएलात मगिद्दोच्या तुरुंगाच्या आवारात २००५ मध्ये खोदकामात मोझॅकची फरशी सापडली, साधारण इ.स. २३० ची. एका रोमी शताधिपतीने ती स्वखर्चाने करून दिली होती. तिच्यावर ग्रीकमध्ये लिहिलंय की अकेप्तूस नावाच्या देवावर प्रेम करणाऱ्या बाईने हे मेज ‘देव येशू ख्रिस्त’ याला स्मरणार्थ अर्पण केलं. निकीयाच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी. हे दोन्ही कागद प्रोजेक्टरवर दाखवले असते तर त्या मशीनचं चीज झालं असतं.

बाकी सोयींचं थोडक्यात. खुर्च्या प्लास्टिकच्या, पाठीला उशी घेऊन जा. माइक एकच आणि तो खरखरतो. माझा डावा कान अधू आहे, त्यामुळे मी खिडकीकडची भिंत सोडून कुठेच बसले नाही. बाथरूम मागच्या अंगणात, वाटेत दिवा नाही. चहा उत्तम, आल्याचा, आणि तो करणाऱ्या बाई दुसरा कप मागितला तर नाक मुरडत नाहीत. पुस्तिकेतल्या संदर्भांच्या आकड्यांवर विसंबू नका, वर लिहिलेलं ५४:२३ एकटं नाही. आयोजकांना मी चुकांची यादी करून दिलीय.

शेजाऱ्याला वादात चीत करायला दारूगोळा हवा असेल तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही, निराश व्हाल. बायबल हातात घेऊन बसायची, पानं उलटायची तयारी असेल तर जा. फोनवरचं बायबल इथे चालत नाही असं नाही, पण दोन अध्याय एकदम समोर ठेवायला छापीलच बरं पडतं.

भाच्याला मी मार्क १४, स्तोत्र ११० आणि दानीएल ७ एका बैठकीत वाचायला लावलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं मावशी, म्हणजे मुख्य याजकाला कळलं. पण मार्कानेच ते तसं लिहिलं असेल तर?" हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याच्यासाठी शुभवर्तमानं कशी लिहिली गेली असा वेगळा वर्ग लागेल. सरांना विचारलंय, ते म्हणाले पावसाळ्यानंतर बघू. मशीहाच्या वर्गाची नवी बॅच ईस्टरनंतर सुरू होते. नावनोंदणी चर्चच्या ऑफिसात, रविवारी उपासना सुटल्यावर, फी रोख, सुटे आणा.